शोध लागल्यानंतरचा दुसरा दिवस

संध्याकाळच्या आकाशात विमानांची रांग दिसते, त्यांच्या मागे पांढरे पट्टे उमटत जातात, आणि थोड्याच वेळात खालची माणसं जिथल्या तिथे ताठ होऊन थरथरू लागतात. गाडी चालवणारा गाडीत, ग्लास भरणारी बाई काउंटरमागे. ‘प्लुरिबस’ या नव्या मालिकेच्या पहिल्या भागातला हा प्रसंग. अ‍ॅपल टीव्हीवर ७ नोव्हेंबर २०२५ला तिचे पहिले दोन भाग एकदम आले, पुढे दर आठवड्याला एकेक येत गेला. ‘ब्रेकिंग बॅड’ रचणारे व्हिन्स गिलिगन यांची ही निर्मिती. मी तिसऱ्या भागापर्यंत आले आहे. एवढ्यावर मालिकेचा निकाल लावता येणार नाही. पण या तीन भागांनी माझ्या मनात जो विचार सुरू केला, तो मालिकेपेक्षा मोठा आहे आणि तो थेट सोलापुरात येऊन पोचतो, म्हणून तो आताच मांडते.

कथा थोडक्यात अशी. सहाशे प्रकाशवर्षांवरून एक रेडिओ संदेश येतो. उलगडून पाहिल्यावर तो आरएनएचा आराखडा निघतो. शास्त्रज्ञ तो प्रयोगशाळेत तयार करतात, उंदरांना टोचतात, एक उंदीर चावतो, आणि मग ते आवरत नाही. बघता बघता जगातली जवळपास सगळी माणसं एका मनाची होतात. एकाला जे ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक. युद्ध नाही, चोरी नाही, कुणाचा कुणाला त्रास नाही. फक्त तेरा माणसं यातून सुटतात. त्यांतली एक कॅरोल स्टर्का, अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात राहणारी, प्रणयकादंबऱ्या लिहून नाव मिळवलेली आणि त्या नावावर मनातून नाराज असलेली बाई. रिया सीहॉर्न यांनी ती उभी केली आहे. कॅरोलची जोडीदार हेलन त्याच रात्री मरते. त्यानंतर हे एकमनाचं जग अत्यंत गोड आवाजात कॅरोलला सांगत राहतं की काळजी करू नकोस, आम्ही तुलाही आमच्यात घेण्याचा उपाय शोधतोच आहोत.

मला पहिल्यांदा जाणवलं ते हे की विज्ञान पहिल्या भागाच्या पूर्वार्धातच उरकलं आहे. दुर्बिणी, प्रयोगशाळा, उंदीर, हे सगळं तिथं येतं आणि संपतं. पुढे आरएनए कसं काम करतं याचा एकही तास नाही. पुढचं सगळं घडतं ते घरात, गल्लीत, दुकानात. त्या रात्री कॅरोल टीव्ही लावते तर व्हाइट हाउसच्या व्यासपीठावर सुटातला एक गृहस्थ उभा असतो आणि पडद्याच्या खालच्या पट्टीवर तिच्यासाठी, फक्त तिच्यासाठी, निरोप आणि फोन नंबर झळकत असतो. फोनवर कळतं की हा माणूस शेतीखात्यातला अधिकारी. राष्ट्राध्यक्ष गेले, मोठे लोक गेले, हा जवळपास होता आणि अंगावर सूट होता, म्हणून तो उभा राहिला. सगळेच एक झाल्यावर कुणी बोललं तरी सारखंच, हे एका साध्या सुटातून सांगून टाकलं आहे.

तिसऱ्या भागात ती नेहमीच्या किराणा दुकानात जाते तर शेल्फं रिकामी. अन्न एका जागी साठवून वाटणं जास्त काटकसरीचं, म्हणून त्यांनी सगळं उचलून नेलेलं असतं. ती चिडते, मला माझी माझी खरेदी करता आली पाहिजे म्हणते. तासाभरात ट्रक येतात, शेकडो हात कामाला लागतात आणि दुकान पहिल्यासारखं भरून देतात. कुणी कुणाशी बोलत नाही, बोलण्याची गरजच नसते. मग ती वैतागून फोनवर हातबॉम्बचं नाव काढते, तर खरोखरचा हातबॉम्ब घरपोच येतो. तिला तो खोटा वाटतो, ती पिन काढते, स्फोट होतो आणि तिची देखभाल करायला नेमलेली झोसिया जखमी होते. इस्पितळात ती त्यांना विचारते, मी अणुबॉम्ब मागितला तर तोही द्याल? आढेवेढे घेत उत्तर येतं की हो, देऊ. तू सुखी असावीस म्हणून.

विज्ञानकथेचं खरं क्षेत्र मला इथं दिसतं. शोध कसा लागला हे सांगायला विज्ञानाची पुस्तकं आहेत, आणि ती ते काम अधिक चांगलं करतात. कथेनं सांगायचं असतं ते शोध लागल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाचं. दूध कोण आणणार, निर्णय कोण घेणार, नको म्हणण्याचा हक्क कुणाला राहणार. मालिका संथ आहे अशी तक्रार माझ्या ओळखीचे काहीजण करताहेत. मला हा संथपणाच मोलाचा वाटतो. एकटी बाई घरामागच्या अंगणात स्वतःच्या माणसाचं प्रेत पुरायला कडक जमिनीत खड्डा खणते आहे, हे घाईनं दाखवता येणार नाही.

आता त्या विमानांकडे येते. २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आभाळातही विमानं फिरत होती आणि ढगांत काहीतरी सोडत होती. त्यात गूढ काही नव्हतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ‘कायपिक्स’ नावाचा प्रयोग २००९मध्ये सुरू केला, त्याचा चौथा टप्पा सोलापुरात झाला. सोलापूर निवडलं ते पर्जन्यछायेतलं म्हणून. सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढगांची झोळी निम्मीअर्धी रिकामी झालेली असते. जे ढग येतात ते पुष्कळदा न बरसता निघून जातात, कारण त्यांतले थेंब खाली पडण्याइतके मोठे होत नाहीत. केगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयावर रडार बसवलं. विमानाच्या पंखांना लावलेल्या नळकांड्यांतून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडसारख्या ओलावा खेचणाऱ्या क्षाराचे बारीक कण सोडायचे, त्यांच्याभोवती मोठे थेंब धरतात, ते लहान थेंबांना गिळत खाली येतात, असा त्यामागचा हिशोब. एकूण २७६ ढगांचा अभ्यास झाला. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: फवारलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेकडच्या शंभर चौरस किलोमीटरांत पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. जगभर या विषयावर इतकी वर्षं दावे-प्रतिदावे चाललेले असताना आपल्या शहरातून इतकं नेटकं उत्तर गेलं, याचा मला अभिमान आहे.

पण या प्रयोगातली जी गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही ती वेगळीच आहे. त्या २७६ ढगांपैकी सगळ्यांत फवारणी केली नव्हती. कोणत्या ढगात कण सोडायचे आणि कोणता तसाच जाऊ द्यायचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखं, कुणाच्या मर्जीवर न ठेवता ठरत होतं. तसं करावंच लागतं. फवारलेल्या ढगाशी तुलना करायला न फवारलेला ढग हवा, नाहीतर पडलेल्या पावसातला आपला किती आणि निसर्गाचा किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दुष्काळ निवारणाच्या मोहिमांत नेमकं हेच होतं. विमान उडतं, पाऊस पडतो किंवा पडत नाही, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापलं म्हणणं धरून बसतात. म्हणजे प्रयोगाचा प्रामाणिकपणा त्या सोडून दिलेल्या ढगांतच होता.

आणि त्याच सोडून दिलेल्या ढगाखाली कुणाचं तरी शेत होतं. सोलापुरातल्या प्रयोगाच्या पहिल्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८मध्ये, राज्य सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात आमच्या जिल्ह्यातले अनेक तालुके होते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरायची तर सप्टेंबरची ओल लागते. समजा त्या शेतकऱ्याला पुढे कळलं की आपल्यावरून गेलेला ढग बरसण्याजोगा होता, विमान हाताशी होतं, क्षार भरलेला होता, आणि चिठ्ठीत ‘नाही’ आलं म्हणून तो जाऊ दिला. त्यानं कुणावर रागवायचं? शास्त्रज्ञावर रागावता येत नाही, कारण त्यानं योग्य तेच केलं. ढगावर रागावून उपयोग नाही. नशिबावर रागावणं त्याच्या आजाला शक्य होतं. याला ती सोय उरलेली नाही, कारण आता त्यात माणसाचा हात आहे. दुष्काळ तोच, पण त्याकडे बघणारा शेतकरी कायमचा बदलला. विज्ञानानं आमच्या जिल्ह्यात घडवलेला हा बदल मला रडारपेक्षा आणि विमानापेक्षा मोठा वाटतो.

त्या वर्षी मोहोळकडच्या एका बांधावर कानावर पडलेलं बोलणं आठवतं. “काय करतंय ओ ते विमान?” “मीठ टाकतंय म्हणे ढगात.” “मग पाऊस खारट पडंल की.” विचारणारा हसत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्याला सांगायला तिथं कुणी नव्हतं. विमानं ढग पळवायला येतात असंही काहीजण म्हणत. अफवा म्हणून ते झटकून टाकणं सोपं आहे. पण डोक्यावर काय चाललंय हे ज्याला कुणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही, त्यानं आपल्या परीनं जुळवलेलं ते उत्तर होतं.

इतकं सगळं साहित्य दारात पडलेलं असताना यावर मराठीत एखादी मालिका, एखादी गाजलेली कादंबरी माझ्या पाहण्यात नाही. याचं कारण शोधताना मला आपल्या विज्ञानकथेच्या घडणीकडे बघावं लागतं. डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. नाव ओळखून परीक्षकांनी बक्षीस दिलं असं होऊ नये म्हणून अक्षरसुद्धा पत्नी मंगलाताईंचं. बक्षीस मिळालं, आणि पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या वाटेची दखल घेतली. २० मे २०२५ला नारळीकर गेले तेव्हा आमच्या पिढीतल्या कित्येकांना आपल्याला आकाश दाखवणारं माणूस गेल्यासारखं वाटलं. त्यांच्या ‘हिमप्रलय’मध्ये मुंबईत बर्फ पडतो आणि वातावरणातच हस्तक्षेप करून माणसं त्यावर उपाय काढतात. हवामान बदलण्याचा विषय त्यांनी आपल्याकडे कितीतरी आधी आणला. मात्र त्या कथेत पुढे असतात ते शास्त्रज्ञ आणि पत्रकार. संकट येतं, बुद्धीनं ओळखलं जातं, बुद्धीनं सोडवलं जातं. त्या काळाला त्याची गरज होती. ज्या समाजात विज्ञान परकं होतं, तिथं त्याच्याशी ओळख करून देणं हेच कथेचं पहिलं काम ठरलं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ती वाट रुंद केली, आणि जावडेकरांसारख्यांनी माणसाच्या मनापर्यंत नेली. पण वाचकांची आणि त्याहून जास्त निर्मात्यांची समजूत तिथंच अडकली की विज्ञानकथा म्हणजे विज्ञान समजावून सांगणारी गोष्ट. दूरदर्शनवर ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि १९९८मध्ये ‘कॅप्टन व्योम’ आलं, तेव्हा दुसरी समजूत त्यात मिसळली, की विज्ञानकथा म्हणजे चंदेरी पोशाख आणि अंतराळयानं. मग ती खर्चिक ठरली, परदेशी ठरली आणि बाजूला पडली.

यावर आक्षेप येतो तो मी ओळखून आहे. ज्या शहरात काही दिवसांआड नळाला पाणी येतं, तिथं दुष्काळावर वास्तववादी लिहावं, परग्रहावरच्या संदेशांत रमू नये. हा आक्षेप मला मान्य नाही. आमचं वास्तवच आता तसं झालं आहे. आम्ही सोलापूरकर सहज म्हणतो, उजनी मायनसमध्ये गेलं. धरणात पाणी शून्याच्याही खाली असतं, आणि तरी ते पाणी आम्ही पितो. कारण उजनीच्या ११७ टीएमसींपैकी निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात मोजलं जातं. त्याच उजनीवर शहर, ऊस, तीसहून अधिक साखर कारखाने आणि फताटेवाडीचं एनटीपीसीचं १३२० मेगावॉटचं वीजकेंद्र अवलंबून. मृत म्हणून नोंदलेल्या पाण्यावर जगणारा जिल्हा, ही कल्पना एखाद्या लेखकानं रचली असती तर आपण त्याला दाद दिली असती.

वीजकेंद्रावरून आठवलं. चीनमधले लिउ त्सिशिन यांची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ ही कादंबरी जगभर गेली. हे गृहस्थ शान्शी प्रांतात, कोळशाच्या मुलखात, एका वीजकेंद्रावर अभियंता म्हणून नोकरी करत लिहीत होते. राजधानीत नव्हते, विद्यापीठात नव्हते. फताटेवाडीच्या वसाहतीत राहणाऱ्या एखाद्या अभियंत्यासारखंच त्यांचं आयुष्य. त्या कादंबरीवर २०२३ साली चीनमध्ये तीस भागांची मालिका झाली आणि २०२४ साली नेटफ्लिक्सनं केली. नेटफ्लिक्सनं बरीचशी कथा लंडनला हलवली, पात्रंही बदलली. पण सुरुवात केली ती सांस्कृतिक क्रांतीत एका भौतिकशास्त्रज्ञाला जमावासमोर मारलं जातं तिथून. चिनी मालिकेला हे इतक्या उघडपणे दाखवता आलं नाही, मात्र तिथली माणसं, गल्ल्या, कचेऱ्या तिला जशा दाखवता आल्या तशा लंडनवाल्यांना जमल्या नाहीत. दोन्ही पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं. परग्रह कितीही दूर असला तरी कथेला पायाखाली एक जागा लागते, आणि ती जागा कोणती यावर कथेत कोणता प्रश्न विचारता येईल हे ठरतं.

याच मापानं ‘प्लुरिबस’कडे बघते तेव्हा माझी एक तक्रार उरते. दुसऱ्या भागात कॅरोल इतर वाचलेल्यांना भेटायला निघते, पण भेटायचं फक्त इंग्रजी बोलणाऱ्यांना, असं ती ठरवते. तिच्याखेरीजच्या बारांतले पाच उरतात. बाकीचे सात जण भाषेमुळे आपोआप गळतात. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच बोळात ऐकू येतात अशा शहरात मी राहते. पद्मशाली विणकराच्या घरी तेलुगू, मागाच्या मालकाशी मराठी आणि शेजारच्या मोमीन कुटुंबाशी दखनी, असं एकच माणूस दिवसभरात बोलतं. मनं एक न होताही माणसं एकत्र कशी नांदतात, याचा अनुभव जिथं रोजचा आहे, तिथल्या प्रेक्षकाला कॅरोलची ही निवड खटकतेच.

त्या पाचांत लक्ष्मी नावाची भारतीय बाई आहे. तिचा मुलगा त्या एकमनात सामील झाला आहे, आणि कॅरोल तिला तोंडावर सांगते की हा आता तुझा मुलगा नाही. लक्ष्मी भडकते. दिग्दर्शकानं तो प्रसंग असा लावला आहे की आपण कॅरोलच्या बाजूनं राहावं. मला ते जमलं नाही. मुलगा समोर बसला आहे, आई म्हणतो आहे, जेवतो आहे. त्याला मुलगा मानायचं की नाही हे तिनं ठरवायचं, की ज्या बाईनं त्याला आत्ता पहिल्यांदा पाहिलं तिनं? स्वातंत्र्याची बाजू घेणारी कॅरोल इथं दुसऱ्या बाईचा निर्णय तिच्या हातून काढून घेते. लेखकांना हे ठाऊक असेल आणि पुढे ते लक्ष्मीच्या घरात शिरणार असतील, तर ही मालिका फार वर जाईल. नसेल ठाऊक, तर तिचा मोठा प्रश्न अमेरिकेच्या एका गल्लीपुरता उरेल. कॅरोलच्या रागाचा धक्का त्या एकमनाला बसून जगभर एक कोटीहून अधिक माणसं दगावतात, हे मालिका सांगते. त्यातली आपली किती, हा प्रश्न लक्ष्मीनं विचारायला हवा होता.

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, जिथं टँकर मोजायची सवय तिथं लोकांना बोटींतून आणि हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. उभा ऊस झोपला, काळी माती खरवडून वाहून गेली. हा पाऊस निसर्गाचाच होता, त्याचा फवारणीशी काही संबंध नाही. पण पाऊस वाढवण्याची विद्या एकदा हाती आली की पुढच्या पुराच्या वेळी लोक विचारणारच. आणि पूर सोडा, साधी सर घ्या. ज्या सरीनं मंगळवेढ्याची ज्वारी उगवते तीच सर छाटणीनंतरच्या द्राक्षाच्या फुलोऱ्यावर पडली तर बाग जाते, आणि सांगोल्याच्या डाळिंबावर तेल्या रोग धरतो. ढग कुणासाठी बरसवायचा, हे ठरवायला कोणती समिती बसेल? तिच्यात ज्वारीवाला असेल की नुसते बागायतदार?

मराठीत कुणी या विषयावर मालिका करणार असेल तर त्याला अंतराळयानाचा खर्च नाही. केगावच्या महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली, रडारवर काम मिळालेली एक मुलगी घ्या. तिचे वडील मंगळवेढ्याकडे जिरायत करणारे, मामा कासेगावचा द्राक्षबागायतदार, त्याच्याच पैशावर ती शिकलेली. फवारणीचं विज्ञान पहिल्या अर्ध्या तासात संपवा. मग एका संध्याकाळी पश्चिमेकडून ढग येतो आहे, आणि त्याच्या वाटेत वडिलांचं रानही आहे, मामाची बागही. चिठ्ठीत ‘हो’ आलं आहे. मामाचा फोन वाजतो आहे आणि तिनं तो अजून उचललेला नाही. उचलल्यावर ती काय बोलेल ते लिहायला सोलापूरचाच लेखक लागेल.